दोनच मासे

छोट्या बोटीतून ट्यूनाच्या मागे जायचं तर आधी वाऱ्याची परवानगी लागते. सॅन डिएगोत आमचा चौघांचा गट आहे. बोट एकाची, पेट्रोल आणि बर्फाचा खर्च सगळ्यांचा. आठवडा सरत आला की फोनवर हवामानाचे आकडे फिरू लागतात. लाट किती फुटांची आहे याच्याही आधी आम्ही दोन लाटांमध्ये किती सेकंद जातात ते बघतो. उंच पण संथ लाट बोटीला अलगद उचलून खाली ठेवते. तिच्याहून लहान पण आखूड लाट कंबर मोडते. वारा चढणार असेल तर बोटमालक बेत रद्द करतो आणि त्याच्याशी कुणी वाद घालत नाही. किनारा दिसेनासा होईपर्यंत मी त्याच्यासोबत बिनघोर जातो, ते यामुळेच.

निघायचं पहाटेच्या अंधारात. शेल्टर आयलंडच्या उतारावरून बोट पाण्यात सोडायची, खाडीतल्या तराफ्यावरून आमिषाला जिवंत सार्डिन घ्यायचे (आपल्या तारलीचे भाऊबंद) आणि पॉइंट लोमाला वळसा घालून बाहेर पडायचं. पुढचे कित्येक तास नुसता शोध. एकाची नजर सोनारवर, बाकीच्यांची क्षितिजावर: पक्षी कुठे घिरट्या घालताहेत, पाणी कुठे फेसाळलंय, तुटलेल्या केल्पचा (समुद्री शेवाळाचा) पुंजका कुठे वाहत चाललाय. बोटमालकाचे आजोबा पॉइंट लोमातले पोर्तुगीज कोळी. बांबूच्या काठ्यांनी ट्यूना उचलून मागे बोटीत टाकणाऱ्या पिढीतले. मासा मोठा असला तर दोघातिघांच्या काठ्या एकाच गळाला बांधत. सॅन डिएगोतले ट्यूना डबाबंद करण्याचे मोठे कारखाने त्याच पिढीच्या कष्टांवर उभे राहिले होते.

आम्ही ज्याच्या मागे असतो तो पॅसिफिक ब्लूफिन. आपल्या कोकणातल्या कुप्याच्याच कुळातला. पण आमच्या घरी सुरमई आली की सणासारखं वाटायचं, कुप्याचं तसं कौतुक कधी नव्हतं. हा मासा मात्र पहिल्यांदा पाण्याखाली निळा-चंदेरी चमकताना पाहिला तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्याचा जन्म जपान-तैवानच्या बाजूचा. वर्षा-दोन वर्षांचा झाला की त्यातले काही अख्खा पॅसिफिक ओलांडून इकडे येतात आणि अंडी घालायला परत तिकडेच जातात. २०११च्या फुकुशिमा अपघातानंतर काही महिन्यांतच सॅन डिएगोजवळ पकडलेल्या १५ माशांमध्ये तिथलं किरणोत्सारी सीझियम सापडलं. प्रमाण धोक्याच्या कितीतरी खाली होतं, पण ते तिथूनच आले होते याचा पुरावा त्यांच्या अंगातच होता. ब्लूफिनला थांबता येत नाही. पोहत राहिला तरच कल्ल्यांवरून पाणी वाहतं आणि त्याला श्वास मिळतो. त्याचं शरीर भोवतालच्या पाण्यापेक्षा गरम असतं.

म्हणून मासा बोटीत आल्यानंतरच्या दहा मिनिटांना मी गळ लागण्याच्या क्षणापेक्षा जास्त मानतो. झुंजीत त्याचे स्नायू आणखी तापलेले असतात. लगेच डोक्यात सुरी घालून त्याची तडफड संपवायची, कल्ल्यांजवळ कापून रक्त वाहू द्यायचं आणि बर्फ कालवलेल्या खाऱ्या पाण्यात त्याला पूर्ण बुडवायचं. हे टाळलं तर मांस आतून शिजल्यासारखं पांढुरकं पडतं. फोटोसाठी मासा उन्हात धरून ठेवणाऱ्याला आमच्या बोटीवर जागा नाही.

आणि माणशी रोज दोनच ब्लूफिन. २०१५पर्यंत ही मर्यादा दहाची होती. मासेमारी झालीच नसती तर जेवढे प्रौढ ब्लूफिन असते, त्याच्या जेमतेम २ टक्के साठा २०१०च्या सुमारास उरला होता. मग पश्चिम पॅसिफिकमधल्या देशांनी कोवळे मासे पकडण्याचं प्रमाण निम्म्यावर आणायचं ठरवलं, पूर्वेकडेही मोठ्या बोटींवर मर्यादा आल्या. साठा २० टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट २०३४चं होतं, ते २०२१मध्येच गाठलं गेलं. बोटीवरच मासा कापायचा तर नियम इतका बारीक आहे, की पोटाचा आणि गळ्याजवळचा भाग परांसकट अखंड ठेवावा लागतो, म्हणजे तपासणाऱ्याला जात ओळखता येते. हे सगळं किचकट वाटतं खरं, पण या किचकटपणाचं फळ आम्ही डोळ्यांनी बघतो आहोत.

आता बोटीवर विषय निघतो, की साठा सुधारला, दोनाचे तीन करायला काय हरकत आहे? बोटमालक त्या बाजूचा. आजोबांच्या हातचं काम गेलं, कारखाने गेले, निदान आपल्याला तरी थोडं मोकळं सोडावं, असं तो म्हणतो आणि त्याचं दुःख मला कळतं. तरी माझं मत नाहीच. २ टक्क्यांपर्यंत घसरलेला मासा सावरला त्याला अजून फार वर्षं झालेली नाहीत. तीस किलोच्या एका ब्लूफिनमध्ये आमची चारही घरं पोटभर जेवतात आणि शेजारीही डबा जातो. दुसरा मासा आम्ही क्वचितच धरतो; बहुतेक वेळा पहिला बर्फात गेला, की बोट घराकडे वळवायची असंच ठरलेलं असतं.