सुईनें काय सांगितलें?

गेल्या चैत्रांत आमच्या पुतण्यास मुलगा झाला. चौथ्या दिवशीं सूनबाईंच्या पायांवर व तोंडावर सूज आली, लघवी जवळजवळ बंद पडली, आणि दीड लाखांच्या वर असावयाच्या प्लेटलेट ४० हजारांवर आल्या. रक्तांतील तांबड्या पेशीही तुटूं लागल्या होत्या. मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होत असाव्यात, असा डॉक्टरांचा तर्क पडला. घरांतील वडील मंडळींचें म्हणणें एकच : "सुई घालून तुकडा काढा, आणि कारण काय तें एकदांचें सांगून टाका." आम्हीही त्या मंडळींतलेच होतों, हें कबूल केलें पाहिजे.

डॉक्टरांनीं त्या दिवशीं सुई घेण्याचें नाकारलें. दोन्ही मूत्रपिंडांतून मिनिटास सुमारें एक लिटर रक्त वाहतें. प्लेटलेट इतक्या कमी असतां तेथें छिद्र पाडलें तर रक्त थांबविणें कठीण. म्हणून त्यांनीं आधीं रक्ताचे नमुने तपासणीस पाठविले, आणि त्याच रात्रीं सूनबाईंचा रक्तद्रव काढून दात्यांचा भरण्यास आरंभ केला. मधून मधून डायालिसिसही करावें लागलें. प्लेटलेट लाखावर गेल्या तेव्हां कोठें बायॉप्सी झाली.

पाठींतून सुई घालून मूत्रपिंडाचा तुकडा काढण्याची रीत कोपनहेगनच्या इव्हर्सन व ब्रून यांनीं १९५१ सालीं प्रसिद्ध केली. रोग्यास पालथें निजवून ती करण्याची सुधारणा १९५४ सालीं शिकागोकडून आली. तुकडा केवढा म्हणाल, तर शेवईच्या काडीएवढा. एवढ्याशावर सर्व कुटुंबाचे डोळे लागले होते.

अहवाल इंग्रजींत, म्हणून तो आमच्यापुढें आला. शब्द अडले ते डॉक्टरांनीं समजावून दिले. रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म केशवाहिन्यांचे गुच्छ प्रत्येक मूत्रपिंडांत सुमारें दहा लाख असतात. आमच्या काडींत १४ सांपडले. त्यांपैकीं ५ गुच्छांत ताज्या गुठळ्या होत्या, आणि वाहिन्यांचें आंतील अस्तर सुजून वाट अडली होती. रोग जुना झाला म्हणजे चांदीच्या रंगद्रव्यानें गुच्छाच्या भिंतीची रेघ दुहेरी दिसते, जणूं आगगाडीचे रूळ. आणि लहान धमन्यांच्या भिंती कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या थरावर थर चढून जाड होतात. येथें दुहेरी रेघ फारशी नव्हती, व्रणही थोडे. म्हणजे इजा अलीकडची, आणि पुष्कळ भाग वांचण्याजोगा. हें वाचून पुतण्याच्या डोळ्यांत पाणी आलें.

पण शेवटच्या ओळींत कारण नव्हतें. थ्रॉम्बॉटिक मायक्रोअँजिओपॅथी एवढें नांव, आणि इतर माहितीशीं ताडून पाहावें अशी सूचना. मंडळी चिडली. वास्तविक न्यायशास्त्र शिकलेल्या आम्हांस तरी हें आधीं कळावयास हवें होतें : धूर पाहून अग्नीचें अनुमान होतें, पण तो अग्नि कोणीं लाविला हें धूर सांगत नाहीं. मुलांच्या रक्ती हगवणींतील विशिष्ट जंतूंचें विष, अतिशय चढलेला रक्तदाब, कर्करोगावरील कांहीं औषधें, घोणसीचा दंश, हीं सर्व मूत्रपिंडांत बहुतेक हेंच चित्र काढून ठेवतात.

उलगडा निराळ्याच ठिकाणाहून झाला. एडॅम्ट्स-१३ नांवाचें एक द्रव्य रक्तांत दहा टक्क्यांहून खालीं गेलें तर एक रोग ठरतो. सूनबाईंचें साठ टक्के निघालें. तेव्हां संशय गेला कॉम्प्लिमेंट नांवाच्या संरक्षक प्रथिनांवर. त्यांचा आवर जन्मतःच ढिला असला, तर बाळंतपणासारख्या निमित्तानें तीं स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उलटतात. डॉक्टरांनीं विचारलें, "माहेरीं कोणास मूत्रपिंडाचा विकार होता काय?" विहीणबाई गप्प बसल्या. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं आम्हांस एका बाजूस बोलावून सांगितलें कीं, त्यांचे सख्खे बंधु २९ व्या वर्षीं मूत्रपिंडें निकामी होऊन गेले. लग्न मोडेल या भीतीनें ही गोष्ट झांकली होती. पुतण्याची आई संतापली. आम्हांस मात्र रागावतां येईना. आमच्या दोन मुलींच्या लग्नांत आम्हीं स्वतः आमच्या मावशीच्या फेफऱ्याविषयीं चकार शब्द काढला नव्हता.

या प्रथिनांस आळा घालणारें एक्युलिझुमॅब हें औषध अमेरिकेंत या रोगासाठीं २०११ सालीं मान्य झालें. त्याची किंमत ऐकून पुतण्या मटकन् खालीं बसला. सुदैवानें रक्तद्रव बदलण्यानेंच उतार पडला, आणि सहाव्या आठवड्यांत डायालिसिस थांबलें. लघवींतून प्रथिन अजून जातें. महिन्याच्या महिन्यास तपासणी चालू आहे. जनुकांची तपासणीही करविली आहे. दोष निघालाच, तरी तो ज्याच्या अंगीं आहे तो प्रत्येक मनुष्य आजारी पडतो असें नाहीं, हें डॉक्टरांनीं दोनदां बजावलें.

सूनबाईंच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचीं बोलणीं सध्यां चाललीं आहेत. मुलाकडच्यांस हें कळवावें काय, असें विहीणबाईंनीं आम्हांस विचारलें. कळवावें, असें आम्हीं सांगितलें, आणि पत्राचा मसुदाही करून दिला. तें पत्र अद्यापि त्यांच्या देव्हाऱ्याच्या फळीवर आहे.