पत्र कोणाचे?

लेखनस्पर्धेचे परिपत्रक शाळेत आले म्हणजे दोन-तीन दिवसांतच काही पालक आम्हांस भेटावयास येतात. विषय काय आहे, शब्दमर्यादा किती, पारितोषिक केवढे, हे सर्व ते विचारतात आणि शेवटी हळूच म्हणतात, ‘मास्तर, एकदा तुमचा हात फिरवा.’ हा जो फिरविलेला हात, त्याविषयीच आज चार शब्द लिहावेत असे मनात आहे.

स्पर्धांस आमचा विरोध आहे असा ग्रह मात्र कोणी करून घेऊ नये. ही प्रथा जुनी व चांगली आहे. ज्या संस्थेस आज रॉयल कॉमनवेल्थ सोसायटी म्हणतात, तिने शाळांसाठी निबंधस्पर्धा १८८३ साली सुरू केली. जागतिक टपाल संघाची मुलांसाठी असलेली पत्रलेखनस्पर्धा १९७१ पासूनची. आपल्या टपाल खात्याने २०१७ साली ‘ढाई आखर’ या नावाने, कबीराच्या दोह्याची आठवण करून देणारी, पत्रस्पर्धा काढली. तीत अठरा वर्षांपर्यंतच्या लेखकांचा गट वेगळा ठेवला. अंतर्देशीय पत्रास ५०० व पाकिटातील पत्रास १००० शब्दांची मर्यादा घातली. इंग्रजी व हिंदीबरोबर प्रादेशिक भाषेतही लिहिण्याची मुभा दिली. राष्ट्रीय पातळीवरील पहिले पारितोषिक ५०,००० रुपयांचे ठेवण्यात आले. एवढी रक्कम पाहून पालकांचे चित्त चळले तर त्यांस फार दोष देता येत नाही.

या स्पर्धेतील एक अट आम्हांस विशेष आवडली, ती ही की पत्र हातानेच लिहिलेले असले पाहिजे. परंतु या अटीने हात तेवढा मुलाचा ठरतो; वाणी कोणाची, हे कसे ठरावे? वृद्ध इसहाकाच्या तंबूत जो घोटाळा झाला तोच येथेही होतो. हात चाचपून आशीर्वाद दिला जातो व वाणी भलत्याचीच निघते. पूर्वी ती वाणी वडिलांची, थोरल्या भावाची किंवा शिकवणीच्या गुरुजींची असे. आता तर विषय सांगण्याचा अवकाश, यंत्र क्षणात पाचशे शब्द ओळीने मांडून देते. मुलाने ते सुवाच्य अक्षरात उतरवून काढले की काम झाले. त्या लेखनात चूक नसते. चूक करावयास तेथे कोणी हजरच नसतो.

तथापि यंत्रावर सारा राग काढणे सोयीचे असले तरी प्रामाणिकपणाचे नव्हे. यंत्र येण्यापूर्वी ते काम आम्ही शिक्षक करीतच होतो. आमच्या हातून घडलेली एक गोष्ट येथे सांगणे भाग आहे.

२०२१ साली जागतिक टपाल संघाने मुलांस विषय दिला होता तो असा, की महामारीच्या काळातील आपला अनुभव घरातील एखाद्या माणसास पत्राने कळवावा. त्या वर्षीचे सुवर्णपदक बांगलादेशातील एका मुलीस मिळाले. तिने आपल्या धाकट्या बहिणीस लिहिले होते. तोच विषय एका आंतरशालेय स्पर्धेस ठेवला होता. शाळा बंद होत्या. आठवीतल्या एका मुलाने वहीच्या पानावर पत्र लिहून त्याचे छायाचित्र आम्हांकडे धाडले. पत्र आजीला होते. ती त्याच उन्हाळ्यात प्रभूजवळ गेली होती, आणि मातीला जाण्याची परवानगी घरातल्या दोघांनाच मिळाली होती. मुलाने लिहिले होते, ‘आजी, तुझा चष्मा अजून फळीवरच आहे. पप्पा तो रोज पुसतात, पण जागचा हलवत नाहीत.’

आम्ही काय केले? मृत माणसास लिहिलेले पत्र परीक्षकांस चालेल की नाही अशी शंका घेऊन ते मुंबईच्या काकांच्या नावे करविले. आरंभी ‘अवघ्या मानवजातीवर कोसळलेले हे भीषण संकट’ असे एक वाक्य घातले. मध्ये वैद्यकीय सेवकांचे आभार मानले, अखेरीस आशेचा किरण आणला. चष्मा असंबद्ध वाटला म्हणून काढून टाकला. मुलाने एका शब्दाने तक्रार न करता ते सर्व उत्तम अक्षरात लिहून दिले. बक्षीस मिळाले नाही. आणि मिळाले असते तर ही गोष्ट आम्हांस कधी खटकलीही नसती, हे त्याहून वाईट.

आपल्याच समाजातील लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण या संबंधात आठवते. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. तिची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली व आजही मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत त्यांची गणना होते. ती बोलते तशी लिहिते. आमच्यासारखा एखादा मास्तर तांबडी शाई घेऊन तिच्या शेजारी बसला असता तर मराठीचे केवढे नुकसान झाले असते, याची कल्पनाही करवत नाही!

कोणी म्हणतील, मग सुधारणा करावयाचीच नाही काय? अवश्य करावी, पण ती स्पर्धेच्या आधी, वर्षभर, वर्गात व्हावी. ऱ्हस्वदीर्घ, विरामचिन्हे, परिच्छेद हे सर्व शिकवावे. स्पर्धेसाठी लिहिलेले पत्र मात्र मुलाने एकदा लिहिले की मोठ्यांनी त्यास हात लावू नये. पालकांस आमची एवढीच विनंती आहे, की लिहून देण्याऐवजी मुलास विचारावे: तू हे कोणाला लिहितो आहेस? त्या माणसाला ठाऊक नसलेले असे तुझ्याजवळ काय आहे? या दोन प्रश्नांवर मूल अर्धा तास गप्प बसले तरी बसू द्यावे. आणि परीक्षकांनीही सुविचार मोजण्याचे सोडावे. निबंधास सुभाषिते जोडून गुण मिळविण्याची खोड मुलांस आपणच लावली आहे.

आम्ही तरी आमच्यापुरते ठरविले आहे. मुलाचे पत्र आले की पेन्सिलीने समासात शुद्धलेखनाच्या चुकांपुढे केवळ एक टिंब द्यावयाचे, योग्य शब्द सांगावयाचा नाही. पत्राची एक प्रत शाळेत ठेवावयाची, आणि स्पर्धेचा निकाल काहीही लागो, वर्गशिक्षकाने त्या पत्रास चार ओळींचे उत्तर लिहावयाचे. साठ मुलांच्या वर्गात हे जड जाते. अजून आमची कित्येक उत्तरे राहिलेलीच आहेत.

तो मुलगा आता महाविद्यालयात शिकतो. ते मूळ पान आमच्या संग्रही आहे. या अंकासाठी ते छापावे असे वाटून गेल्या नाताळात आम्ही त्याची परवानगी मागितली. चष्म्याची दोन वाक्ये घेण्यास तो राजी झाला. बाकीच्या पत्राविषयी म्हणाला, ‘सर, ते आजीचे आहे.’