लम्पीचे मूळ आणि झिजणाऱ्या हरणांचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे. रोगाच्या मुळाविषयी मात्र त्यांनी असा काही निर्बंध घातलेला नाही. आणि म्हणूनच की काय, गुराढोरांत साथ आली की तिला आवर कसा घालावा यापेक्षा ती कोणी आणली याचीच चर्चा आपल्याकडे अधिक हिरीरीने होते. २०२२ च्या पावसाळ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील गोठ्यांत लम्पी शिरला, तेव्हा याचा पुरेपूर प्रत्यय आला. अंगभर गाठी उठलेली, पाय सुजलेली, चारा सोडलेली जनावरे दाराशी बांधून शेतकरी पशुवैद्यकाची वाट पाहत होता. आणि राज्याच्या राजकारणात वाद रंगला होता तो चित्त्यांचा.

ऑक्टोबर २०२२ च्या प्रारंभी तत्कालीन प्रदेश काँग्रेस अध्यक्ष नाना पटोले यांनी असे विधान केले की, लम्पीचा विषाणू नायजेरियात फार दिवसांपासून आहे, चित्तेही तिकडूनच आणले गेले आहेत आणि शेतकऱ्यांचे नुकसान व्हावे म्हणूनच केंद्र सरकारने हे केले. विरुद्ध बाजूने या विधानाची यथेच्छ टिंगल झाली. टिंगल करणे सोपेच होते. चित्ते आले ते नायजेरियातून नव्हे, नामिबियातून. आणि मध्य प्रदेशातील कुनो येथे ते उतरले १७ सप्टेंबर २०२२ रोजी. जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यात चिनावल येथे लम्पीची जनावरे आढळली होती ती ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. त्याआधी गुजरात आणि राजस्थानात या रोगाने थैमान घातले होते. त्याआधी २०२० साली गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा भागात तो येऊन गेला होता. आणि देशात त्याची पहिली नोंद झाली ती ऑगस्ट २०१९ मध्ये ओडिशात. शिवाय हा रोग गायी-बैलांचा, क्वचित म्हशींचा. मांजरकुळातील श्वापदांचा नव्हे. तारखांच्या साध्या हिशेबापुढे चित्त्यांवरील आरोप क्षणभरही टिकत नाही.

पण टिंगल करणाऱ्यांनीही एक गोष्ट केली नाही. चित्त्यांनी रोग आणला नाही हे सिद्ध झाल्यावर, मग तो कोणत्या वाटेने आला, हा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. आरोपी निर्दोष सुटला आणि खटल्याची फाईलच बंद झाली, असा हा प्रकार झाला.

लम्पीचे मूळ आफ्रिकेत आहे, एवढे खरे. १९२९ साली आजच्या झांबियात तो प्रथम नोंदवला गेला आणि तेव्हाही त्याच्या कारणांविषयी एकमत नव्हते. विषारी वनस्पती खाण्यात आल्याने किंवा कीटकांच्या दंशाने गाठी येतात, असेच कित्येक वर्षे मानले जात होते. १९४३ नंतर तो बोट्स्वाना, झिंबाब्वे आणि दक्षिण आफ्रिकेत फैलावला, सुमारे ८० लक्ष गुरांना त्याने ग्रासले, तेव्हा कुठे तो संसर्गजन्य आहे हे मान्य झाले. १९८८ मध्ये इजिप्त, १९८९ मध्ये इस्राएल, २०१३ मध्ये तुर्कस्तान, २०१५ मध्ये ग्रीस अशी त्याची वाटचाल झाली आणि २०१९ मध्ये बांगलादेश, चीन व भारत या तीन देशांत तो अवघ्या काही महिन्यांत प्रकटला. (आफ्रिकेकडे बोट दाखवताना हेही आठवावे की, १८८० च्या दशकाच्या अखेरीस त्या खंडातील गुरांचा आणि रानगव्यांचा संहार करणारी बुळकांडी भारतातून नेलेल्या गुरांबरोबर तेथे पोचली, असे इतिहासकार मानतात. रोगांच्या बाबतीत कोणताच देश केवळ सोसणारा नसतो.) ही मोठी उडी लम्पीने कशी घेतली? सीमेवरील गुरांची चोरटी ने-आण, वाहनांतून व जहाजांतून प्रवास करणाऱ्या चावऱ्या माश्या, अशी निरनिराळी अनुमाने आहेत. त्यांतील एकही अद्याप निर्णायक ठरलेले नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी महाराष्ट्रासह निरनिराळ्या राज्यांतील आजारी गुरांच्या नमुन्यांतून विषाणूची जनुकीय मांडणी तपासली आणि २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांना २०२२ च्या साथीत विषाणूच्या दोन वेगवेगळ्या वंशावळी आढळल्या. एक २०१९ साली रांची व हैदराबादकडे सापडलेल्या विषाणूशी जुळणारी. दुसरी बरीच बदललेली आणि २०१५ च्या रशियातील साथीशी साम्य दाखवणारी. याचा अर्थ, ज्याला वऱ्हाडातला शेतकरी एकच ‘लम्पी’ म्हणत होता, तो एकाच दाराने आलेला पाहुणा नसावा. दुसरे दार कोणते, ते उघडे कोणी ठेवले, आणि ते अजून उघडे आहे काय, हे प्रश्न चित्त्यांपेक्षा कितीतरी मोलाचे होते. रशियात २०१७ नंतर आणि पुढे चीन व व्हिएतनाममध्ये जे विषाणू सापडले, ते लशीतील जिवंत विषाणू आणि मोकाट विषाणू यांच्या संकरातून निपजलेले होते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे मुळाचा शोध हा पंडितांचा रिकामपणचा उद्योग नव्हे हे पटावे. आपल्याकडे २०२२ मध्ये जनावरांना टोचली गेली ती शेळ्यांच्या देवीवरची लस. तिचा उपयोग झाला. पण विषाणू बदलत असेल तर ती कुठवर पुरेल हे वंशावळी तपासत राहिल्यावाचून कळण्याचा मार्ग नाही.

रोगाचे मूळ वेळीच न शोधल्यास काय होते, याचा सर्वांत बोलका दाखला गुरांचा नसून हरणांचा आहे, आणि तो अमेरिकेतला आहे. १९६७ साली कोलोराडो राज्यात फोर्ट कॉलिन्स येथील सरकारी वन्यजीव संशोधन केंद्रात, कुंपणात पाळलेली म्यूल जातीची हरणे वाळू लागली. समोर चारा असूनही अंग उतरायचे, मान खाली पडायची, तोंडातून लाळ गळायची आणि काही महिन्यांत जनावर मरायचे. बंदिवासाचा ताण किंवा आहारातील काही उणीव, असा समज करून घेऊन दहा वर्षे गेली. १९७८ मध्ये एलिझाबेथ विल्यम्स या तरुण संशोधिकेने मेलेल्या हरणांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांना स्पंजासारखी छिद्रे पडलेली दिसली. मेंढ्यांतील ‘स्क्रेपी’ या जुन्या युरोपीय रोगाचे आणि पुढे इंग्लंडात गाजलेल्या ‘मॅड काऊ’ रोगाचेच हे भावंड. कारण जंतू नव्हे, विषाणूही नव्हे. प्रायॉन नावाचे, घडी बिघडलेले प्रथिन. ते मातीत वर्षानुवर्षे टिकते. १९८१ मध्ये रानातील एल्क हरणात हा रोग सापडला. आज अमेरिकेच्या तीसहून अधिक राज्यांत ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ म्हणजे अंग झिजवीत नेणारा हा रोग पसरला आहे. भारतात तो आढळल्याची नोंद नाही.

हा रोग आला कोठून? मेंढ्यांच्या स्क्रेपीने जात ओलांडली, असे एक मत. एखाद्या हरणाच्या मेंदूत प्रथिन आपोआपच बिघडले, असे दुसरे. रानात तो पूर्वीपासूनच होता, कुंपणातील हरणे नजरेखाली असल्याने तेथे आधी दिसला एवढेच, असे तिसरे. यांतील प्रत्येक मत कोणाच्या तरी हिताच्या आड येते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पहिले खरे मानले तर मेंढपाळीकडे आणि संशोधन केंद्राच्या कारभाराकडे बोट जाते. तिसरे खरे मानले तर कोणाकडेच जात नाही. पुढे हरणे पाळून विकण्याचा धंदा वाढला, एका राज्यातील एल्क ट्रकमधून दुसऱ्या राज्यात जाऊ लागले. मग पाळीव कळपांचे मालक म्हणू लागले की रोग रानातून आला, आणि वन्यजीवांचे अभ्यासक म्हणू लागले की तो कुंपणातून बाहेर पडला. मालमत्ता खाजगी आणि रान सार्वजनिक असले म्हणजे ‘आधी कोण’ या प्रश्नाच्या उत्तरावर ‘खर्च कोणाचा’ हे ठरते. अर्धे शतक उलटले, पण १९६७ चा उलगडा झाला नाही. पहिली दहा वर्षे ज्या पुराव्यांकडे दुर्लक्ष झाले, ते आता मिळणेही कठीण.

याच रोगाच्या आणखी दोन हकिकती यापुढे ठेवून पाहाव्यात. २००१ मध्ये तो दक्षिण कोरियात सापडला, तेव्हा माग काढणे अवघड गेले नाही. कॅनडातून आयात केलेल्या एल्क हरणांची कागदपत्रे दोन्ही देशांत होती. २०१६ मध्ये नॉर्वेच्या नॉर्डफ्येला भागातील रानटी रेनडिअरमध्ये तो आढळला, तेव्हा असे कागद नव्हते. पण प्रयोगशाळेत तपासले तेव्हा तेथील प्रायॉन अमेरिकेतल्यापेक्षा वेगळ्या जातीचा निघाला; म्हणजे अमेरिकेतून आयात झाल्याचा संशय दूर झाला. नॉर्वे सरकारने दोन हजारांहून अधिक रेनडिअरांचा तो संपूर्ण कळप मारून टाकला. निर्णय क्रूर होता, पण अंधारात घेतलेला नव्हता. जेथे कागद होता किंवा जपलेला नमुना होता, तेथे वाद मिटला. जेथे दोन्ही नव्हते, तेथे तो वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे गेला.

वऱ्हाडात या दोहोंची स्थिती काय? विद्येची वाण येथे नाही. अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे, पशुवैद्यकाचे पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था आहे. अडचण आहे ती अशी की, रोगाची बातमी शास्त्रज्ञापर्यंत पोचण्याआधी ती गोठ्यातून बाहेर पडावी लागते, आणि ती बाहेर पडू नये अशीच आर्थिक व्यवस्था आपण करून ठेवली आहे. राज्य शासनाने २०२२ मध्ये लम्पीने दगावलेल्या दुभत्या गायीमागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये मदत जाहीर केली. ती स्वागतार्ह होती. परंतु मदत मृत्यूची होती, रोगाची नव्हती. लम्पीत मरणारी जनावरे थोडी, वाचून निकामी होणारी पुष्कळ. गाय वाचते, पण आटते. बैल वाचतो, पण पायाची सूज आणि खांद्यावरच्या जखमा यांमुळे ऐन रब्बीच्या तोंडावर जुवाखाली उभा राहू शकत नाही. आणि त्याच्या मालकाला दुसऱ्याची जोडी किंवा ट्रॅक्टर भाड्याने आणावा लागतो. या नुकसानीचा पंचनामा होत नाही. उलट, रोग कळवला की गावाभोवती प्रतिबंध येतात, बाजार बंद होतो, विकायला काढलेले जनावर गळ्यात पडते. ज्याने प्रामाणिकपणे कळवले त्याचा तोटा, आणि ज्याने अंगावर पहिली गाठ दिसताच जनावर रातोरात विकले त्याचा तोटा दुसऱ्या गावच्या गोठ्यावर! अशा हिशेबात शेतकऱ्याला दोष देण्यात काय अर्थ आहे? बाजार बंद केल्याने होणाऱ्या नुकसानीचा काही भाग शासनाने उचलला असता, तर पहिल्या आठवड्यातच कितीतरी अधिक गोठे उघडे झाले असते आणि माग काढणाऱ्यांच्या हाती ताजे नमुने आले असते.

मेळघाटाचा विचार केला तर हा प्रश्न गोठ्यापुरताही राहत नाही. धारणी-चिखलदऱ्याच्या पट्ट्यात गवळी आणि कोरकू कुटुंबांची गुरे रानात चरतात. त्याच रानात गवे, सांबर, चितळ आहेत आणि गोचीड कोणाच्या अंगावर बसावे याचा भेदभाव करीत नाही. राजस्थानात लम्पीचा संसर्ग मोकळ्या रानातील चिंकारांपर्यंत पोचल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे. उद्या सातपुड्यात एखादा गवा अंगभर गाठींनी मेलेला सापडला, तर वनखाते गवळ्यांच्या गुरांकडे बोट दाखवील आणि गवळी रानाकडे. कोलोराडोत जे झाले तेच येथे होईल. फरक एवढाच की तेथे दोन्ही पक्षांकडे वकील होते. येथे गवळ्याला चराईबंदीची नोटीस तेवढी मिळेल.

१ जून २०२४ पासून महाराष्ट्रात कानात बिल्ला असल्याशिवाय जनावराच्या खरेदी-विक्रीस मनाई करण्यात आली. हे पाऊल उशिरा पडले असले तरी योग्य दिशेने पडले आहे. मात्र बिल्ल्याचा क्रमांक जनावराची ओळख सांगतो, त्याचा प्रवास सांगत नाही. बाजारात सौदा झाल्यावर तो बैल दर्यापूरला गेला, मूर्तिजापूरला गेला की सीमा ओलांडून बैतुलला, हे त्या क्रमांकापुढे त्याच दिवशी नोंदले गेले पाहिजे; मालक बदलला की नोंद बदलली पाहिजे. हे काम बाजार समितीच्या पावती फाडणाऱ्या कारकुनाचे आहे, आणि त्याच्या टेबलावर ते करण्याची साधने व सवड दोन्ही हवीत. बाजाराच्या दिवशी शेकडो जनावरांची रांग लागलेली असताना पशुवैद्यकीय दवाखान्याचा एक माणूस तेथे बसवायला किती खर्च येईल, आणि २०२२ मध्ये एका अकोला जिल्ह्यात मदतीपोटी किती रक्कम वाटावी लागली, ही दोन्ही आकडेवारी शासनाच्याच दप्तरी आहे. ती एका कागदावर शेजारी शेजारी मांडण्याचे काम तेवढे राहिले आहे.