विश्लेषण : जर्मनीत स्थानिकांशी मैत्री आणि डेटिंग, हसून बोलणे म्हणजे होकार नव्हे, मग होकार कसा ओळखायचा?

जर्मनीत गेलेल्या तरुणांना खोली कशी शोधायची, विमा कोणता घ्यायचा, शहरात नाव कसे नोंदवायचे याची माहिती मराठी व्हिडिओंतूनही भरपूर मिळते. सहा महिन्यांनी पडणाऱ्या प्रश्नाबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. वर्गातली मुलगी छान बोलते, ऑफिसातला सहकारी रोज सोबत जेवतो, पण ओळख पुढे सरकत नाही. कोणी आवडले तर विचारायचे कसे? नकार आला तर? या बाबतीत चुकीचा अंदाज बांधला तर प्रकरण गैरसमजावर थांबेलच असे नाही, ते पोलिसांपर्यंतही जाऊ शकते.

हा प्रश्न आताच महत्त्वाचा का?

जर्मन विद्यापीठांत २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येत भारताने चीनला मागे टाकले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन सरकारने कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत वाढवण्याची घोषणा केली. महाराष्ट्राचे नाते तर जुने आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरे आहेत. श्टुटगार्ट ज्या राज्याची राजधानी आहे, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळासाठी करारही केला.

जाणाऱ्यांमध्ये विशीतले, एकटे राहणारे बरेच असतात. भाषेची आणि कामाची तयारी होते, माणसांत मिसळण्याची तयारी राहून जाते.

जर्मन माणसे तुटक वागतात का?

परदेशस्थ नोकरदारांच्या आंतरराष्ट्रीय पाहण्यांमध्ये ‘मैत्री जमणे’ या निकषावर जर्मनी गेली काही वर्षे तळाच्या देशांत असतो. पण याचे कारण तुसडेपणाच असेल असे नाही. तिथे ‘ओळखीचा’ आणि ‘मित्र’ यांत मोठे अंतर मानतात. ओळखीच्या माणसाला ‘बेकान्टर’ म्हणतात. दोन वर्षे एकत्र काम केलेला सहकारीही बेकान्टरच असू शकतो. ‘फ्रॉइंड’ हा शब्द मोजक्या माणसांसाठी राखलेला असतो.

याच शब्दाची आणखी एक गंमत आहे. ‘माइने फ्रॉइंडिन’ म्हणजे शब्दशः ‘माझी मैत्रीण’, पण ऐकणारा बहुधा ‘माझी गर्लफ्रेंड’ असेच समजतो. नुसती मैत्रीण असेल तर ‘आइने फ्रॉइंडिन फोन मिअर’, म्हणजे ‘माझ्या मैत्रिणींपैकी एक’ असे म्हणतात. पार्टीत वर्गमैत्रिणीची ओळख करून देताना हा फरक चुकला, तर तिची पंचाईत होते.

मराठीतल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखे तिथे ‘दू’ आणि ‘झी’ आहे. विद्यार्थी एकमेकांना सरळ ‘दू’ म्हणतात. इतरत्र वयाने किंवा पदाने मोठ्या माणसाने सुचवल्यावरच ‘दू’वर यायचे असते. हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. फक्त इंग्रजीत बोलताना हा फरक दिसत नाही, म्हणून तो विसरला जातो.

मग ओळखी होतात कुठे?

जर्मनीत सुमारे सहा लाख नोंदणीकृत मंडळे आहेत. त्यांना ‘फेराइन’ म्हणतात. फुटबॉल, बुद्धिबळ, गायन, डोंगरभटकंती, परसबाग अशा जवळपास प्रत्येक छंदासाठी फेराइन सापडते. शिवाय शहराशहरांत ‘फोल्क्सहोखशूल’ नावाची प्रौढ शिक्षण केंद्रे असतात. तिथे भाषेपासून स्वयंपाकापर्यंतचे वर्ग चालतात. ‘टँडम’ ही तिसरी वाट. यात एक जण जर्मन शिकवतो, दुसरा त्याची भाषा.

या जागांचा फायदा असा की तीच माणसे दर आठवड्याला भेटतात आणि बोलायला विषय असतो. विश्वास हळूहळू, भेटीगाठींतून तयार होतो. एका मोठ्या पार्टीतून तो मिळत नाही.

अडचण होते ती हेतू लपवल्यावर. टँडमसाठी आलेली मुलगी भाषा शिकायला आलेली असते. दुसऱ्याच भेटीत तिच्या दिसण्यावर बोलणे किंवा रात्री उशिरा मेसेज करणे तिला फसवणूक वाटू शकते. डेटिंग हवे असेल तर त्यासाठी अ‍ॅप आहेत, तिथे दोघांनाही कशासाठी आलो हे माहीत असते. वर्गातले कोणी आवडले तर ‘शनिवारी कॉफीला येशील का, आपण दोघेच?’ हा प्रश्न पुरेसा आहे. ‘बघू’, ‘या आठवड्यात जमणार नाही’ असे उत्तर आले आणि तिने किंवा त्याने दुसरा दिवस सुचवला नाही, तर तो नकार समजावा. पुन्हा विचारू नये.

‘नाही म्हणजे नाही’ हा कायदा कधी झाला?

२०१६ पर्यंत जर्मन कायद्यात बलात्कार सिद्ध होण्यासाठी प्रामुख्याने बळजबरी किंवा धमकी दाखवावी लागत असे. पीडितेने नकार दिला होता, एवढे पुरत नसे. महिला संघटना अनेक वर्षे बदलाची मागणी करत होत्या. २०१५ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री कोलोन शहरात महिलांवर झालेल्या हल्ल्यांनंतर त्या मागणीला जोर आला. जुलै २०१६ मध्ये संसदेने दंडसंहितेचे कलम १७७ बदलले आणि नोव्हेंबरमध्ये ते लागू झाले.

आता समोरच्या व्यक्तीची इच्छा नाही हे ओळखता येत असेल, तर पुढे जाणे गुन्हा आहे. नकार शब्दांतच हवा असे नाही. रडणे, हात दूर करणे हाही नकारच. झोपेत असलेल्या किंवा नशेमुळे निर्णय घेऊ न शकणाऱ्या व्यक्तीच्या अवस्थेचा फायदा घेणे हाही गुन्हा आहे. लैंगिक हेतूने नकोसा स्पर्श करण्यासाठी त्याच वेळी वेगळे कलम आले. स्वीडन २०१८ मध्ये आणखी पुढे गेला. तिथे नकार होता का हे नव्हे, तर सहभाग स्वेच्छेने होता का हे पाहिले जाते.

मेसेज आणि फोटोंचे काय?

एकीकडून उत्तर येत नसताना सतत मेसेज करणे, घराबाहेर थांबणे, मित्रमैत्रिणींकडून पत्ता काढणे याला मराठी-हिंदी सिनेमाने बराच काळ ‘मागे लागणे’ असे गोड नाव दिले. जर्मनीत पाठलागाचा गुन्हा २००७ पासून दंडसंहितेत आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भारतातही २०१३ पासून मुलीचा असा पाठलाग करणे गुन्हाच आहे, त्यामुळे ‘आपल्याकडे चालते’ हा बचाव मुळातच खोटा आहे.

न मागता अश्लील फोटो पाठवणे शिक्षेस पात्र आहे. समुद्रकिनारी किंवा ट्राममध्ये अनोळखी व्यक्तीला टिपून रील टाकणेही महागात पडू शकते. स्वतःच्या छायाचित्रावर व्यक्तीचा हक्क सांगणारा जर्मन कायदा १९०७ चा आहे. शिक्षा झाली तर तिचा परिणाम निवास परवान्यावरही होऊ शकतो.

ऑफिसातले प्रेम चालते का?

२००५ मध्ये वॉलमार्टच्या जर्मन शाखेने कर्मचाऱ्यांच्या आपसातल्या प्रेमसंबंधांवर घातलेले निर्बंध ड्युसेलडॉर्फच्या कामगार न्यायालयाने बेकायदा ठरवले. म्हणजे सहकाऱ्यावर प्रेम करणे हा त्या दोघांचा प्रश्न. मात्र २००६ च्या समान वागणूक कायद्यानुसार कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर मालकाला कारवाई करावी लागते. ज्याच्या हातात दुसऱ्याची बढती आहे, त्याने विचारलेल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणे सोपे नसते, हेही लक्षात घ्यायला हवे.

घरचे स्थळे बघत असतील तर?

आदराची सर्वांत अवघड परीक्षा इथे असते आणि ती कुठल्याही कायद्यात लिहिलेली नाही. काही महिन्यांच्या सहवासानंतर जर्मन जोडीदार बहुधा विचारतो, ‘आपण आता एकत्र आहोत ना?’ होकार दिला की दोघांनी दुसऱ्या कुणाला भेटायचे नाही, असे तो धरून चालतो. त्याच वेळी सांगली-नाशिकला विवाहसंस्थेत नाव नोंदवलेले असते आणि डिसेंबरच्या सुट्टीत कांदेपोह्यांचे दोन कार्यक्रम ठरलेले असतात. मुलगा किंवा मुलगी दोन्हीकडे गप्प राहते. यात तिकडचा जोडीदार फसतो आणि इकडचे स्थळही.

‘त्यांना कुठे लग्न करायचे असते’ या समजुतीचा आधार इथे घेतला जातो. लग्नाची घाई नसणे आणि नात्याबद्दल गंभीर नसणे या वेगळ्या गोष्टी आहेत. जर्मनीत अनेक जोडपी लग्नाशिवाय वर्षानुवर्षे एकत्र राहतात, मुलेही वाढवतात. घरच्यांचा दबाव असेल तर तो जोडीदाराला सुरुवातीलाच सांगावा. ऐकून थांबायचे की निघायचे, हे त्याला किंवा तिला ठरवता येते.

भारतीयांना त्रास झाला तर?

आदर दोन्हीकडून हवा. रंगावरून शेरे, अ‍ॅपवर ‘भारतीय नको’ असे उल्लेख किंवा भारतीय मुलींकडे केवळ कुतूहलाची वस्तू म्हणून पाहणे, असे अनुभवही येतात. ते निमूट सहन करण्याचे कारण नाही. हिंसाचार किंवा छळ झालेल्या महिलांसाठी ११६ ०१६ हा मोफत क्रमांक २४ तास सुरू असतो आणि तिथे जर्मनशिवाय इतर भाषांतही बोलता येते. अनेक शहरांतल्या बारमध्ये ‘लुइसा इथे आहे का?’ असे विचारले की कर्मचारी अधिक प्रश्न न विचारता मदत करतात. २०१६ मध्ये म्युन्स्टर शहरात सुरू झालेली ही खूण आता सर्वदूर पोहोचली आहे.

एकटेपणा खरा असतो आणि तो कमी व्हावा असे वाटणे साहजिक आहे. पण तो दूर करण्याची जबाबदारी वर्गात शेजारी बसणाऱ्या व्यक्तीची नसते. विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. उत्तर काय द्यायचे, हे समोरच्याने ठरवायचे.