पेरायची बाजरी निवडतो, खायची का नाही?

बाजरीचे बियाणे पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात टाका, असा सल्ला शेतकऱ्याला दर खरिपात मिळतो. 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ. वर तरंगेल ते नष्ट करायचे, तळाचे धुऊन सावलीत वाळवून पेरायचे. हा खटाटोप ‘अरगट’ या बुरशीसाठी. खायच्या बाजरीच्या वाट्याला मात्र ही काळजी येत नाही.

पीक फुलोऱ्यात असताना पाऊस आणि ढगाळ हवा राहिली की ही बुरशी फुलात शिरते. आधी कणसावर मधासारखा चिकट द्रव दिसतो, मग दाण्याच्या जागी काळपट, कडक गाठ तयार होते. मळणीत ती धान्यात मिसळते. तिच्यातली विषे भाकरी भाजल्याने पुरती जात नाहीत.

मध्ययुगीन युरोपात राय या धान्यावरच्या अरगटाने माणसांचे हातपाय काळे पडून झडत. (त्याच बुरशीतल्या द्रव्यांवरून बनलेले औषध बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला आजही देतात!) आपल्या बाजरीवरची बुरशी वेगळ्या जातीची. तिने मळमळ, उलट्या, चक्कर, गुंगी येते. 1975 मध्ये राजस्थानातल्या काही गावांत अशी विषबाधा झाली होती. लक्षणे अशी साधी असल्यामुळेच मला ती जास्त फसवी वाटते. उलट्या झाल्या की आपण पाण्याला नाहीतर शिळ्या भाजीला दोष देतो, भाकरीवर कुणाचा संशय जात नाही.

नियमाप्रमाणे धान्यात अरगटाचे दाणे वजनाने 0.05 टक्क्यांहून जास्त नसावेत, म्हणजे किलोमागे अर्धा ग्रॅम. पण आठवडी बाजारात पोत्यातली बाजरी या मापाने कोण तपासणार? पावसात सापडलेला माल स्वस्तात निघतो आणि ज्याला तोच परवडतो त्याच्या घरी जातो. तयार पिठात तर काळा दाणा दिसायचाही नाही. फुलोऱ्यात पाऊस झालेल्या वर्षी तरी बाजार समितीत आणि रेशन दुकानावर बियाण्याचा तोच सल्ला खाणाऱ्यांसाठी ठळक लावायला हवा. त्याला खर्च कितीसा येणार?

तोवर दळण टाकण्याआधी बाजरी नीट निवडा. काळे दाणे दिसले तर तेच मिठाचे पाणी वापरा, मग दोन-तीनदा स्वच्छ धुऊन बाजरी खडखडीत वाळवा. वर आलेले दाणे कोंबड्यांना किंवा गाईला घालू नका, त्यांनाही ते बाधतात.