डार्विन आणि ‘बळी तो कान पिळी’

चार्ल्स डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला. अनेक धर्ममार्तंडांनी त्यावर झोड उठवली. धनिकांनी त्यातून सोयीचा तेवढा अर्थ काढला. ‘योग्यतमांचा टिकाव’ हा शब्दप्रयोग मुळात हर्बर्ट स्पेन्सरचा, १८६४ चा. डार्विनने तो पुढे स्वीकारला. पण त्याच्या लेखी योग्य म्हणजे बलवान नव्हे, तर परिस्थितीशी जुळणारा व संतती मागे ठेवणारा जीव. परस्पर सहानुभूती बाळगणारे मानवसमूह अधिक भरभराटीस येतात, असे तर त्यानेच १८७१ साली प्रतिपादिले. तरीही गरिबीला निसर्गन्याय ठरविण्यासाठी त्याचे नाव राबविले गेले.

अभ्यासाचा भार हलका करण्याच्या नावाखाली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून २०२३ साली उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. तो बारावीच्या जीवशास्त्रापुरता उरला; हा विषय न घेणाऱ्यांना तो पारखा झाला. सिद्धान्त शिकविला नाही की त्याचा विपर्यास तेवढा समाजात उरतो. ‘बळी तो कान पिळी’ हाच निसर्गनियम मानणारी पिढी विषमतेविरुद्ध उभी कशी राहणार? हा पाठ अभ्यासमंडळांनी आता स्वतःच हाती घेतला पाहिजे.