अनिच्छेने चढलेला गड

मराठीत डोंगरांविषयी लिहिणारे बहुतेक सारे डोंगरांवर प्रेम करणारे आहेत. गो. नी. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’पासून वृत्तपत्रांतील भटकंतीच्या सदरांपर्यंत गडाकडे निघालेला निवेदक उत्सुकच असतो. जिला जायचे नव्हते, पण जावे लागले, तिचे कथन मात्र क्वचितच सापडते. ही उणीव साहित्याच्या अभ्यासकांनी गंभीरपणे घ्यावी असे मला वाटते.

मी नवापूरची. आमच्या किनाऱ्यावर डोंगर चढण्यासाठी नसतो. समुद्रावरून परतताना ठिकाण ओळखण्याची ती एक खूण असते. विद्यार्थिनींसोबत एक शिक्षिका हवी, एवढ्याच कारणाने मला पालघर परिसरातील अशेरीगडावरच्या शिबिराला जावे लागले. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेच्या काळात (१७३७–३९) हा गड पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला, हे तिथे उत्साहाने सांगितले गेले. माझे लक्ष मात्र दुसरीकडे होते. टाक्यातले पाणी कोण शेंदते, रात्री चूल कोणावर सोपवली जाते, आणि ‘मॅडम, सकाळी कुठे जायचे?’ हा प्रश्न मुली किती दबक्या आवाजात विचारतात! उतरताना डोक्यावर मोळी घेतलेली एक आदिवासी बाई आम्हाला मागे टाकून गेली. आमचा छंद हा तिचा रोजचा कामाचा रस्ता होता.

उत्साही निवेदकाच्या लिखाणात या गोष्टी सहसा येत नाहीत. तो खोटे लिहितो असे नव्हे. शिखराकडे लागलेल्या नजरेला त्या दिसत नाहीत. नाखुशीने चालणाऱ्याची नजर पायाशी असते, म्हणून तिला माणसे आणि त्यांची कामे दिसतात.

असे लेखन आपल्याला परके नाही. गोडसे भटजी १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते द्रव्यार्जनासाठी. बंडात सापडणे त्यांच्या मनातही नव्हते. ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाई टिळकांना पतीच्या लहरीपायी वारंवार बिऱ्हाड हलवावे लागते, आणि त्या ओढाताणीतूनच त्यांचा विनोद फुलतो. आपली सर्वांत प्रसिद्ध गडकथा तरी कोणाची? रायगडाच्या हिरकणीची. आख्यायिकेतली ही गवळण कडा उतरते ती हौसेने नव्हे, तर घरी तान्हे मूल आहे म्हणून. तिच्या साहसाचे पोवाडे झाले, तिची निकड मात्र आपल्या दुर्गसाहित्यात फारशी उतरली नाही.

शिबिराहून परतलेल्या विद्यार्थिनींकडून आपण वृत्तान्त मागतो, आणि ‘अविस्मरणीय अनुभव’ या शब्दांनी संपणारी वीस सारखीच पाने आपल्या हाती येतात. कंटाळा, भीती, ओशाळलेपण लिहिण्याची मुभा आपण त्यांना दिलेलीच नसते. ती द्यावी. डोंगर न आवडलेल्या मुलीचे प्रामाणिक पान ही मराठी गद्यात खरी भर ठरेल.